थम!

2024 च्या जूनमध्ये एकदा माझा वीकएंड गुरुवारी संध्याकाळी सुरू झाला आणि मंगळवारी रात्री संपला. ड्यूटी जिथल्या तिथं होती, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर आमचे रिटायर झालेले वॉरंट ऑफिसर वाचून फोन करतील. पण ड्यूटी सोडून डोक्यात जे काही चाललं होतं, त्यात फुटबॉल होता, पिंजऱ्यातली एक झुंज होती आणि घरचा एक फोन होता. तिन्ही एकमेकांत अशी अडकली की शेवटी लिहायला बसलो.

गुरुवारी, 6 जूनला, सुनील छेत्रीची निरोपाची मॅच. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, समोर कुवेत, वर्ल्ड कपची पात्रता फेरी. आमच्या बिलेटमध्ये फुटबॉलवाले मोजून चार: एक मणिपूरचा, एक मलप्पुरमचा, एक बंगाली आणि मी कोल्हापूरचा. हिंदुस्थानात फुटबॉलचं वेड कुठं कुठं आहे याचा नकाशा काढायला ही चार माणसं पुरेत. आमच्या एका मोबाईलच्या स्क्रीनला चौघांची डोकी चिकटलेली आणि बाहेर तंजावरचा दमट उकाडा. मॅच 0-0 सुटली. छेत्री रडला, स्टेडियममधले साठेक हजार लोक उभे राहिले, आणि आमचा मणिपूरवाला काहीतरी निमित्त काढून पाणी भरायला गेला. तोवर 151 सामने, 94 गोल. फौजी वाचकांना मुद्दाम सांगतो, हा आपल्याच घरातला पोरगा. वडील ईएमईत होते. बदल्यांबरोबर गाव बदलायचं म्हणजे काय असतं, ते या माणसाला कुणी शिकवायला नको.

मला मात्र छेत्रीचं दुसरंच काही आठवत होतं. 2018 साली मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, चायनीज तैपेईविरुद्ध आपण 5-0 जिंकलो तेव्हा प्रेक्षक होते अडीच हजारांच्या आसपास. त्यानंतर त्यानं व्हिडिओ काढून हात जोडले. शिव्या द्यायच्या तर द्या, टीका करा, पण येऊन बघा, असा त्याचा सूर होता. पुढची मॅच भरली. त्या वेळी मी मनात म्हटलं होतं, भावा, कोल्हापूरला ये. आमच्याकडं पेठेच्या दोन संघांची मॅच असली की राजर्षी शाहू स्टेडियमला बसायला जागा मिळत नाही. आम्हाला बोलवावं लागत नाही. आमचा त्रास वेगळा आहे. आम्हाला थांबवावं लागतं.

तो त्रास शनिवारी दुपारी फोनवरून माझ्यापर्यंत आला. फोन दादाचा होता.

"तुझ्या पुतण्याला समजाव. जिमला जातोय. पिंजऱ्यातली मारामारी शिकतोय म्हणे. आई जेवत नाही त्या काळजीनं."

पुतण्या एकोणीस वर्षांचा. अग्निवीर भरतीची तयारी करतो. पळण्यात चांगला, आमच्या भागातल्या संघाकडून ज्युनियरला बॅक खेळतो. दोनेक महिन्यांपूर्वी एका मॅचनंतर दोन बाजूंचे समर्थक रस्त्यावर भिडले. दगड आले. एक याच्या भुवईवर बसला. सात टाके. डोळा थोडक्यात वाचला. त्या रात्री पोलीस पोरांची नावं लिहून घेत होते, तेव्हा हा दवाखान्यात होता म्हणून यादीत आला नाही. भरतीला निघालेल्या पोरावर एक गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत काय होतं, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. छाती, उंची, सोळाशे मीटर, सगळं बाजूला राहतं.

मी दादाला विचारलं, "जिममध्ये किती वेळा लागलं त्याला?"

"तिथं कुठं लागलंय? एकदा ओठ फुटला."

"आणि फुटबॉलला?"

दादा गप्प झाला. मग म्हणाला, "फुटबॉल वेगळा. फुटबॉल आपला आहे."

यावरच मला आज बोलायचं आहे. आपला खेळ आणि परका खेळ, सभ्य खेळ आणि रानटी खेळ, ही वाटणी आपण कशावरून करतो?

कोल्हापूर बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडचे फुटबॉल संघ म्हणजे तालमी. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, ही फुटबॉल संघांची नावं आहेत. दुसरीकडं क्लब असतो, युनायटेड असतं, सिटी असतं. आमच्याकडं तालीम. जिथं पोरं लाल मातीत लोळायची, जोर-बैठका मारायची, त्याच पत्त्यावर पुढं फुटबॉल आला. त्यामुळं झुंजीचा खेळ आणि चेंडूचा खेळ ही आम्हाला दोन घरं कधी वाटलीच नाहीत. 2017 साली देशात 17 वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. आणि हेलसिंकीला 1952 साली कांस्यपदक आणलेले खाशाबा जाधव गोळेश्वरचे, पण शिकले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात.

मग रविवारी पहाटे गजर लावून उठलो. अमेरिकेत लुईव्हिल शहरात शनिवारची संध्याकाळ होती. पूजा तोमर, मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या खेड्यातली पोरगी, मूळची वुशूची राष्ट्रीय विजेती, यूएफसीत पहिल्यांदा उतरणार होती. वजनगट 52 किलोचा. समोर ब्राझीलची रायान दोस सांतोस. आमच्या चौघांतला फक्त मणिपूरवाला उठला. त्यांच्याकडं वुशू घरोघरी कळतो.

ज्यांनी एमएमए बघितलेलं नाही त्यांच्यासाठी: आठ कोनांचा जाळीचा पिंजरा, पातळ ग्लोव्ह्ज, पाच-पाच मिनिटांचे तीन राउंड. ठोसा, लाथ, पट, मिठी, गळ्याची पकड, हाताची पकड, सगळं चालतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला किळस येऊ शकते. मलाही आली होती. पण दोन-चार झुंजी बघितल्या की पिंजऱ्यातला तिसरा माणूस दिसायला लागतो. तो रेफ्री. त्याची नजर जिंकणाऱ्यावर कमी आणि हरणाऱ्यावर जास्त असते. खाली पडलेल्याचे हात स्वतःला झाकतायत का, डोळे जागेवर आहेत का. नसतील तर तो मध्ये अंग टाकतो आणि त्या क्षणी संपतं. डोळ्यात बोट नाही, डोक्यानं धडक नाही, मानेच्या मागं ठोसा नाही, खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ नाही. आणि ज्याला सहन होत नाही त्यानं हातानं दोनदा थोपटायचं. त्याला टॅप म्हणतात. थोपटलं की समोरच्यानं सोडायचं.

पूजाची झुंज शेवटपर्यंत गेली. तीन पंचांपैकी एकानं 30-27 तिला दिले, एकानं 27-30 तिच्याविरुद्ध दिले आणि तिसऱ्यानं 29-28 तिच्या बाजूनं दिले. यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय बाई. हा विजय माझा नाही, भारतातल्या लढणाऱ्यांचा आणि चाहत्यांचा आहे, अशा अर्थाचं ती बोलली. आम्ही दोघं अंधारात उभे राहून टाळ्या वाजवत होतो आणि शेजारच्या खाटेवरचा आम्हाला झोपू द्या म्हणून शिव्या देत होता. त्याच रविवारी दिल्लीत नव्या सरकारचा शपथविधी, रात्री न्यूयॉर्कला भारत-पाकिस्तान टी-ट्वेन्टी. 119 वर आउट होऊन आपण सहा धावांनी जिंकलो, तेव्हा अख्खं बिलेट नाचलं. पूजाचं नाव दिवसभरात कुणी काढलं नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही. नोंद राहावी म्हणून लिहितो.

दादाला सांगण्यासारखी गोष्ट मात्र तिच्या विजयात नव्हती, एका पराभवात होती. 2017 च्या नोव्हेंबरात शांघायला आपल्या महाराष्ट्राचा भरत खंदारे यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. भारतात जन्मलेला तिथवर पोचलेला तो पहिला. कुस्तीतून आलेला गडी. समोर चीनचा सोंग यादोंग, वय 19. पहिल्याच राउंडला भरतची मान पकडीत अडकली आणि झुंज संपली. बघताना मला वाईट वाटलं होतं. पण पुन्हा विचार केला तर काय दिसतं? त्या क्षणी दोन माणसांत करार होता. एकानं हार मानली आणि दुसऱ्यानं लगेच पकड सोडली. आपल्या पेठेत दगड उचललेल्या हाताला असा करार माहीत आहे का? तिथं कुणी थोपटायचं, आणि ते ऐकायचं कुणी?

रविवारी दुपारी ऊन जरा उतरल्यावर मी मोठ्या मंदिरात गेलो. इथं आलेला मराठी माणूस बृहदीश्वराला जातोच, आणि प्राकाराच्या नैऋत्येच्या भिंतीपुढं उभा राहतो. सरफोजीराजे दुसरे यांनी 1803 साली तिथं भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. देवनागरी अक्षरं, दगडावर, ओळीमागून ओळी. चोल राजाच्या देवळात आपली भाषा वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो. त्या दिवशी मात्र मला तिथं उभं राहून दोन भावांचं भांडण आठवत होतं.

1677 साली शिवाजी महाराज दक्षिणेत आले. कोल्लिडमच्या काठी तिरुमलवाडीला त्यांनी सावत्र भाऊ व्यंकोजीराजांना भेटायला बोलावलं. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीचं बोलणं निघालं, जमलं नाही, आणि व्यंकोजीराजे एका रात्री उठून तंजावरला निघून गेले. महाराज परत फिरल्यावर त्यांनी महाराजांच्या मागं राहिलेल्या फौजेवर चाल केली. लढाई झाली आणि व्यंकोजीराजे हरले. यापुढं तंजावर घेणं महाराजांना अवघड होतं का? त्यांनी घेतलं नाही. भावाला पत्र लिहिलं, समजावलं, तह केला. त्या तहात व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाईंच्या शहाणपणाचा वाटा होता असं सांगतात. तंजावर व्यंकोजीराजांकडंच राहिलं, म्हणून पुढं पावणेदोनशे वर्षं इथं मराठी गादी नांदली, आणि म्हणून ती भिंत आहे. जिंकलेला माणूस वेळेवर थांबला, त्याचा तो लेख आहे, असं मला त्या दुपारी वाटलं.

परत येताना अन्नै सत्या स्टेडियमवरून आलो. एका बाजूला पोरं फुटबॉल खेळत होती, दुसऱ्या बाजूला दहा-बारा मुलंमुली सिलंबम, म्हणजे इकडची लाठी, फिरवत होती. त्यांचे गुरुजी, इकडं त्यांना आसान म्हणतात, मध्येच एक शब्द उच्चारत आणि सगळ्या काठ्या हवेतच थांबत. फिरवण्यापेक्षा ते थांबणं बघत मी उभा राहिलो.

कारण तो शब्द मला माहीत आहे. तुम्हालाही आहे. सांबऱ्याला, बेळगावात, ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात ड्रिल उस्तादानं आम्हाला काय शिकवलं? चालायला तर आम्हाला येत होतं. त्यांनी शिकवलं थांबायला. "थम!" पाय पडायचा आणि अंग लाकूड. एक जरी पोरगा अर्धं पाऊल पुढं गेला तरी अख्खा स्क्वॉड परत पहिल्यापासून. रेंजवरही तेच. थांब म्हटलं की बोट ट्रिगरच्या बाहेर, मग समोर काहीही असो. हाती बंदूक द्यायच्या आधी फौज खात्री करून घेते की एका शब्दावर हा माणूस थांबेल. एकट्यानं तो शब्द पाळणं सोपं. गर्दीत पाळणं अवघड, म्हणून ड्रिल गर्दीत शिकवतात.

मंगळवारी याचीच उलटी बाजू दिसली. दोहाला कतारविरुद्ध आपली मॅच, पुढच्या फेरीत जायचं तर हीच. छांगतेनं 37व्या मिनिटाला गोल केला. 73व्या मिनिटाला चेंडू गोललाइनच्या बाहेर गेलेला सगळ्यांना दिसला. आपली पोरं थांबली. कतारच्या खेळाडूनं तो आत ओढला आणि जाळीत गेला. रेफ्रीनं गोल दिला. व्हीएआर नव्हतं. जिथं थांबा म्हणायचं होतं तिथं तो बोलला नाही. पुढं आणखी एक गोल होऊन आपण 2-1 हरलो. मलप्पुरमवाल्यानं चप्पल फेकली, ती पंख्याला लागली. पण दोहात आपली पोरं काय करत होती? वाद घातला, हात वर केले, आणि मग चेंडू मध्यावर ठेवून पुन्हा खेळायला लागली. अन्यायाची तक्रार नंतर कागदावर होते. मैदानावर पुढचा पास द्यायचा असतो.

माझं मत असं आहे. खेळ रानटी की सभ्य, हे ठोसे किती पडले यावर ठरत नाही. त्यात थांब म्हणणारा कुणी आहे का, आणि त्याचं ऐकतात का, यावर ठरतं. या मापानं पिंजरा सभ्य निघतो. आमच्या मातीतली कुस्तीही सभ्य निघते. खासबागेत निकाल लागत नसला की पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि पैलवान एकमेकांच्या अंगाला माती लावून बाहेर येतात. याच मापानं पेठेतली दगडफेक खेळात बसत नाही, तिच्या अंगावर जर्सी असली तरी.

पिंजऱ्याचा वकील म्हणून मी उभा नाही. डोक्यावर मार लागतो, वर्षानुवर्षं लागला तर मेंदू त्याचा हिशेब ठेवतो, ही खोटी भीती नाही. अमेरिकेत राज्याचे क्रीडा आयोग नॉकआउट झालेल्याला ठरावीक दिवस झुंजू देत नाहीत. गल्लीतल्या जिममध्ये तेवढी शिस्त आपोआप येत नाही. शिवाय चरितार्थाचं काय? फुटबॉलला आपल्याकडं सर्व्हिसेसचा संघ आहे. 2024 च्या मार्चमध्ये गोव्याला 1-0 हरवून त्यांनी संतोष ट्रॉफी सातव्यांदा आणली. कुस्तीला, वुशूलाही फौजेत जागा आहे. एमएमएला तशी भाकरी नाही. हे दादाचं म्हणणं मला मान्य आहे.

बुधवारी सकाळी पुतण्याला फोन केला. म्हटलं, "जिम सोडू नको. पण तीन गोष्टी विचारून ये. शिकवणारा स्वतः कुठं शिकला? झुंज असते तेव्हा डॉक्टर असतो का? डोक्याला लागलं तर किती दिवस घरी बसवतात? यातलं एक उत्तर जरी खोटं वाटलं तर दुसरी जिम बघ. आणि फुटबॉलही सोडू नको. पण मॅच संपली की किट उचलायचं आणि घर. त्या रस्त्यावर थांबायचं नाही."

तो म्हणाला, "काका, त्या दिवशी मी बघायला थांबलो नव्हतो."

"मग?"

"आमचा एक पोरगा दगड उचलत होता. त्याचा हात धरायला गेलो होतो."

मला पुढचं सुचेना. इतके दिवस घरात कुणी त्याला विचारलंच नव्हतं. मीही नाही. तो म्हणाला, "काका, एकट्याचं ऐकत नाहीत ते."

म्हणून हा लेख. कोल्हापुरातल्या, आणि जिथं जिथं पेठेच्या, गावाच्या नावानं मॅच होतात तिथल्या, पेन्शनीत आलेल्या माझ्या फौजी भावांना एक विनंती आहे. पुढचा हंगाम सुरू झाला की मॅच बघायला जा. आपापल्या संघाच्या बाजूनंच बसा, मनसोक्त ओरडा. मॅच संपल्यावर मात्र दहा मिनिटं घरी जाऊ नका. पाच-सहा जण मिळून रस्त्यावर उभे राहा. तुमचा तो परेड ग्राउंडवरचा आवाज अजून असेलच. एकोणीस वर्षांच्या पोराला एकट्यानं दगडाचा हात धरावा लागू नये, एवढंच.

शब्द तुम्हाला माहीत आहे.

जय हिंद.